‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ म्हटल्यानंतर काय करायचं?

उपासना संपते, देवळाबाहेर हस्तांदोलनं होतात आणि निघता निघता कोणीतरी म्हणतं, “प्रार्थनेत आठवण ठेवा.” आपण होकार देतो. पुढच्या रविवारी पुन्हा भेट होते. मधल्या दिवसांत त्या माणसाचं काय चाललं होतं हे आपण विचारलेलं नसतं आणि त्यानंही सांगितलेलं नसतं. वाचकांच्या पत्रांत हीच अडचण वेगवेगळ्या रूपांत येते. दारू सोडलेला दीर पुन्हा पिऊ लागलाय, वहिनी म्हणून मी बोलू का? नुकताच बाप्तिस्मा घेतलेली मैत्रीण उपासनेला यायची थांबली, तिला फोन करू की तिचं तिला ठरवू देऊ? मला स्वतःला राग आवरत नाही, हे मंडळीत कोणापाशी बोलू? आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात येणारा प्रश्न: दुसऱ्याला सांगणारी मी कोण?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही त्याचे बंधू किंवा भगिनी आहात, तेवढा अधिकार पुरेसा आहे. मात्र तो न्यायनिवाडा करण्याचा अधिकार नव्हे. प्रीती आणि सत्कर्मं यांसाठी एकमेकांना उत्तेजन द्या, असं इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात सांगितलं आहे. ही सूचना एकट्या पाळकांसाठी नाही, सगळ्या मंडळीसाठी आहे. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तर हे रोज करायला सांगितलं आहे. म्हणजे रविवारच्या उपदेशानं हे काम भागत नाही.

हे काम कसं करायचं, कुठे थांबायचं आणि कोणी तुमच्या बाबतीत ते करत असेल तेव्हा तुमचे हक्क काय, एवढंच इथे पाहू. माझं मत आधीच सांगून ठेवते. समोरच्याची परवानगी नसताना त्याच्या आयुष्याची दुरुस्ती करायला जाऊ नका, आणि परवानगी मिळाल्यावर मोघम बोलू नका. बहुतेक घोळ या दोनपैकी एका ठिकाणी होतो.

आधी गरज ओळखा

प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला सांगायची नसते. तुम्हाला नेमकं काय हवंय ते आधी पाहा.

- दोघांची जोडी. एखादी सवय मोडायची असेल किंवा नियमित वाचन-प्रार्थना सुरू करायची असेल तर उत्तम. धोका एकच: दोघांपैकी एक थकला की सगळं थांबतं.
- तिघांचा गट. मी बहुतेकांना हाच सुचवते. एक जण गावाला गेला तरी भेट होते, दोघांत मतभेद झाला तर तिसरा असतो, आणि गप्पांत वेळ घालवण्याइतकी माणसं नसतात.
- घरसभा किंवा छोटा समूह. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभा आहेत, वसई-मुंबईच्या कॅथलिक धर्मग्रामांत छोटे ख्रिस्ती समूह आहेत. शास्त्राभ्यास, ओळखी, आजारपणात मदत यांसाठी ही जागा चांगली आहे. नवऱ्याशी चाललेल्या अबोल्याबद्दल वीस जणांसमोर बोलायची ही जागा नव्हे.
- अनुभवी ज्येष्ठ. लग्न, नोकरी, सेवेसाठी सेमिनरीत जावं का, असे निर्णय समोर असतील तेव्हा.
- पाळकसाहेब किंवा फादर. पापाची कबुली, मंडळीतला वाद, प्रभुभोजनाविषयीची शंका.
- डॉक्टर, समुपदेशक, व्यसनमुक्ती केंद्र. झोप उडणं, जगणं नकोसं वाटणं, दारू न मिळाल्यास हात थरथरणं या गोष्टी फक्त प्रार्थनागटावर सोपवू नका. गटानं सोबत राहावं. उपचार मात्र उपचार करणाऱ्यानं करावेत.

कोणाला विचाराल?

सगळ्यात जास्त वचनं पाठ असलेला माणूस शोधू नका. ज्याच्यासमोर तुम्ही दुसऱ्या कोणाची निंदा करू लागलात तर जो विषय थांबवेल, असा माणूस शोधा. जो आज तुमच्यापाशी तिसऱ्याचं गुपित फोडतो, तो उद्या तुमचं गुपित चौथ्याकडे नेईल.

प्रेषितांच्या कृत्यांतला बर्णबा यासाठी जरूर वाचा. मंडळीचा छळ करणारा शौल पालट झाल्यावर यरुशलेमेत आला, तेव्हा शिष्यांना त्याची भीती वाटत होती. बर्णबानं त्याला सोबत घेऊन प्रेषितांकडे नेलं आणि त्याच्या बाजूनं बोलला. पुढे अंत्युखियात काम वाढलं, तेव्हा तोच बर्णबा तार्सला जाऊन शौलाला शोधून घेऊन आला. त्यानंतर शौलाचं, म्हणजे पौलाचं नाव मोठं झालं, आणि बर्णबानं त्याबद्दल कुरकूर केल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. दुसरा आपल्यापुढे गेला तरी ज्याला आनंद होतो, असा माणूस तुमच्या पाहण्यात असेल तर त्याला विचारा.

काही नाती टाळलेली बरी:

- तुमचा साहेब, तुमचा घरमालक, ज्याचे पैसे तुम्ही देणं लागता किंवा जो तुमचं देणं लागतो तो.
- जवळचा नातेवाईक, विशेषतः सासू-सून किंवा जावा-जावा. प्रेम असेलही, पण घरातलं राजकारण त्या भेटीत शिरतंच.
- स्त्रीनं परपुरुषाला किंवा पुरुषानं परस्त्रीला एकांतातला जोडीदार करणं. मन मोकळं करताना जवळीक वाढते, आणि ती कुठवर जाईल हे सुरुवातीला कोणालाच कळत नाही.

पती-पत्नींनी एकत्र प्रार्थना करावीच. पण नवऱ्याला आपला प्रत्येक मोह बायकोलाच सांगायचा असेल आणि बायकोला आपली प्रत्येक भीती नवऱ्यालाच, तर दोघांवरही फार ओझं येतं. दोघांना आपापला बाहेरचा विश्वासू सोबती असावा आणि तो कोण आहे हे एकमेकांना माहीत असावं.

विचारायचं कसं?

“आपण एकमेकांच्या आत्मिक वाढीसाठी भेटत जाऊ” असं म्हटलं की समोरचा बिचकतो, आणि ते साहजिक आहे. साधं आणि मुदतीसह विचारा: “मला राग आवरायला शिकायचंय. उपवासकाळात आठवड्यातून एकदा तासभर भेटाल का? तुम्ही मला विचारायचं, मी खरं सांगायचं. तुम्हाला हवं असेल तर मीही तुम्हाला विचारीन. ईस्टरनंतर पुढचं ठरवू.”

या बोलण्यात तीन गोष्टी आहेत. तुम्ही आधी स्वतःची गरज सांगितली, त्याची नाही. वेळ किती जाईल ते सांगितलं. आणि बाहेर पडायचा रस्ता ठेवला. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा काळ पहिल्या प्रयोगाला फार सोयीचा आहे. रविवार वगळून चाळीस दिवस, आणि मंडळीतही त्या दिवसांत आत्मपरीक्षणाचं वातावरण असतं. तोवर थांबायचं नसेल तर सहा आठवडे ठरवा.

समोरचा नाही म्हणाला तर कारण विचारू नका. नाही म्हणणं हाही त्यानं दाखवलेला प्रामाणिकपणा आहे.

पहिल्या भेटीत एवढं ठरवून घ्या

1. दिवस, वेळ, ठिकाण. शक्यतो चहापाण्याचा थाट नको. थाट आला की ज्याच्या घरी भेट असते त्या घरातल्या बाईचं काम वाढतं आणि दोन महिन्यांत भेटी बंद पडतात.
2. फोन बंद. बोलणं रेकॉर्ड करायचं नाही, लिहून ठेवायचं नाही.
3. इथलं इथेच. जोडीदाराला सांगायचं की नाही, तेही स्पष्ट ठरवा. अनेक गट इथेच फुटतात, कारण एक जण “मी फक्त आमच्या ह्यांना सांगितलं” म्हणतो आणि दुसऱ्यानं ते गृहीत धरलेलं नसतं.
4. गुप्ततेच्या मर्यादा. कोणाच्या जिवाला धोका, लहान मुलावर अत्याचार किंवा घरातली मारहाण यांबद्दल गप्प बसण्याचं वचन कोणीही देणार नाही, हे आधीच एकमेकांना सांगा.
5. मुदत कधी संपणार.

भेटीचा तास कसा घालवायचा?

छोट्या गटाची ही पद्धत जुनी आहे. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये जॉन वेस्ली यांच्या मंडळींवर सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी आणि साधारण बारा जणांमागे एकानं ती गोळा करावी, असं ठरलं. गोळा करणारे दारोदार जाऊ लागले, तेव्हा कोणाच्या घरी भांडण आहे, कोण पुन्हा पिऊ लागलाय, कोण आजारी आहे, हे त्यांच्या नजरेला पडू लागलं. वेस्लींनी ओळखलं की कर्जफेडीची ही व्यवस्था माणसांची काळजी घेण्याची व्यवस्था होऊ शकते. मेथडिस्टांच्या ‘क्लास मीटिंग’ची सुरुवात अशी झाली. लोक आठवड्याला एकत्र जमून आपल्या जिवाचं कसं चाललंय ते बोलू लागले. व्याख्यान नाही, वादविवाद नाही. एक प्रश्न आणि त्याचं खरं उत्तर.

तुमच्या तासाची रचनाही तशीच साधी ठेवा. आरंभी थोडक्यात प्रार्थना. मग शास्त्रातला छोटा भाग मोठ्यानं वाचा. त्यावर भाष्य करण्याची सक्ती कोणावर नको. मग पाळीपाळीनं बोला आणि शेवटी एकमेकांसाठी नाव घेऊन प्रार्थना करा. बोलायला हे प्रश्न उपयोगी पडतात. एका भेटीला दोन पुरेत. सगळे एकदम विचारले तर उलटतपासणी होते.

- या आठवड्यात देवाचा चांगुलपणा तुम्हाला कुठे दिसला?
- कोणाला लागेल असं बोललात? त्या माणसाकडे परत गेलात का?
- पैशाचा असा एखादा व्यवहार झाला का, जो घरच्यांना दाखवायला संकोच वाटेल?
- रात्री एकटे असताना मोबाइलवर काय पाहिलंत?
- ज्यांच्याकडून तुम्हाला काही मिळणार नाही अशांशी, म्हणजे धुणंभांडी करणाऱ्या मावशी, वॉचमन, भाजीवाली यांच्याशी कसे वागलात?
- मागच्या भेटीत ठरवलेली गोष्ट झाली का? नसेल तर आड काय आलं?

शेवटी पुढच्या आठवड्यासाठी एकच गोष्ट ठरवा, आणि ती मोजता येईल अशी असू द्या. “मी जास्त सहनशील होईन” याला काही अर्थ नाही. “मुलाचा अभ्यास घेताना आवाज चढला तर उठून पाच मिनिटं बाहेर जाईन” याला आहे.

प्रश्नांच्या या यादीत उपासनेची हजेरी आणि वाचलेले अध्याय नाहीत, हे काहींना खटकेल. ते मी मुद्दामच वगळले आहेत. हजेरी मोजणं सोपं असतं, म्हणून गट लवकरच तेवढंच मोजू लागतो. माणसाचा स्वभाव बदलतोय की नाही, हे घरात, बाजारात आणि लग्नाच्या बोलणीत कळतं. आपल्याकडे अजूनही सोयरीक जुळवताना आजोबांची जात हळूच विचारली जाते, ‘मुलीला तुम्ही काय ते द्यालच’ असं म्हणून हुंड्याची सोय होते, आणि तीच माणसं पुढच्या रविवारी साक्ष देतात. या गोष्टींबद्दल एकमेकांना विचारायचं धाडस नसेल, तर आपला गट कितीही वर्षं चालला तरी आपण वाढलो नाही. हे मी कळवळून लिहिते आहे.

धीर देणं म्हणजे नेमकं काय बोलायचं?

“देव तुमचं बरं करो”, “तुम्ही किती छान सेवा करता” ही वाक्यं वाईट नाहीत, पण ती कोणालाही लागू पडतात, म्हणून कोणाच्याच मनात राहत नाहीत. धीर देणारं बोलणं तीन गोष्टींनी भरीव होतं: तुम्ही काय पाहिलं, त्यातून कोणता गुण दिसला आणि त्याचा कोणावर काय परिणाम झाला.

गायनमंडळातल्या मुलाला “मस्त गातोस” म्हणण्याऐवजी म्हणा, “परवा नव्या मुलाचा सूर चुकला तेव्हा तू हसला नाहीस, आवाज हळू करून त्याला सोबत घेतलंस. तो पुढच्या सरावाला आला तो त्यामुळे.” सासऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बाईला “देव तुला बक्षीस देईल” म्हणण्याऐवजी म्हणा, “रात्री चार वेळा उठूनही तुम्ही त्यांच्याशी चिडून बोलत नाही, हे माझ्या मुलीच्या लक्षात आलं. शनिवारी मी त्यांच्यापाशी बसते, तुम्ही झोपा.” दुसऱ्या उदाहरणातलं शेवटचं वाक्य सोडू नका. थकलेल्या माणसाला स्तुतीपेक्षा झोपेची अधिक गरज असते.

तरुणांना हे विशेष सांगायचंय. मंडळीत तुमच्या चुका मोठ्यानं बोलल्या जातात आणि चांगलं वागणं कोणी उच्चारत नाही, अशी तुमची तक्रार असते आणि ती बऱ्याचदा खरी असते. वडीलधाऱ्यांची वाट पाहू नका. तुम्हीच शब्बाथ शाळेच्या म्हाताऱ्या बाईंना जाऊन सांगा, की त्यांनी शिकवलेली कोणती गोष्ट तुमच्यासोबत राहिली. त्यांनाही धीर हवा असतो आणि त्यांना तो देणारं कोणी नसतं.

चूक दाखवायची वेळ आली तर

इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूनंच घालून दिला आहे: आधी एकट्यानं, एकांतात, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत घेऊन, मंडळीपुढे अगदी शेवटी. आपल्याकडे हा क्रम अनेकदा उलटा होतो. आधी महिला संघात कुजबुज होते, मग पाळकसाहेबांच्या कानावर जातं आणि ज्याची चूक आहे त्याला सगळ्यात शेवटी कळतं.

1. आधी स्वतःला विचारा: यात पाप आहे की फक्त माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न आहे? केसांची ठेवण, गाण्याचा प्रकार, साडी की जीन्स, यांसाठी कोणाचं दार ठोठावू नका.
2. पाहिलेलं सांगा, ऐकलेलं नव्हे. “लोक म्हणतात” अशी सुरुवात करू नका.
3. विचारा, मग थांबा. “मंगळवारी तू आईशी जसं बोललास त्याबद्दल बोलू का?” तो नको म्हणाला तर त्या दिवशी विषय सोडा.
4. पुढची पायरी मिळून ठरवा आणि त्यात तुमचा वाटा काय हेही सांगा.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात चुकलेल्याला सौम्यतेनं सावरायला सांगितलं आहे, आणि सावरणाऱ्यानं स्वतःकडेही लक्ष ठेवावं असं बजावलं आहे. याचं फार सुंदर उदाहरण इफिसात घडलं. अपुल्लो मोठा वक्ता होता, पण त्याचं ज्ञान अपुरं होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्यानं सभास्थानात उठून त्याला दुरुस्त केलं नाही. त्याला आपल्याकडे घेऊन गेले आणि नीट समजावलं. तो पुढे अधिक उपयोगी पडला.

आणि घाई करू नका. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली. मध्ये ताटातूट होती, दुःख होतं, सोवळ्याओवळ्याचा प्रश्न होता. लक्ष्मीबाईंचं मन बदललं ते त्यांच्या स्वतःच्या विचारानं आणि त्यांच्या गतीनं, हे त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना उमगतं. तुमच्या सुनेला, जावयाला किंवा नव्यानं विश्वासात आलेल्या शेजाऱ्याला एवढा अवकाश द्या.

कोणी तुमची चूक दाखवली तर? लगेच उत्तर देऊ नका. “मला विचार करू द्या, गुरुवारी बोलू” एवढं पुरे. आणि गुरुवारी नक्की बोला.

दुःखात असलेल्या माणसाजवळ

ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं वागणं बरोबर होतं. बोलू लागल्यावर ते चुकले, कारण त्यांना त्याच्या दुःखाचं कारण शोधायचं होतं. जर्मन पाळक डीट्रिख बॉनहॉफर यांनी १९३५ ते १९३७ या काळात तेव्हा जर्मनीत असलेल्या फिंकनवाल्ड इथे सेवकांचं प्रशिक्षण चालवलं. नाझींच्या पोलिसांनी ते बंद पाडलं. तिथल्या सहजीवनावर १९३९ साली निघालेल्या पुस्तकात, बांधवाची सेवा कोणत्या क्रमानं करायची हे सांगताना, त्यांनी ऐकून घेण्याला वचन ऐकवण्याच्या आधी स्थान दिलं आहे.

म्हणून मयताच्या घरी, गर्भपात झालेल्या बाईजवळ किंवा नोकरी गेलेल्या माणसासमोर “देवाची इच्छा” आणि “विश्वास कमी पडला” हे शब्द उच्चारू नका. डबा न्या, बिल भरायला रांगेत उभे राहा, मुलांना शाळेत सोडा. महिन्याभरानं पुन्हा जा, कारण तोवर बाकीच्यांचं जाणं थांबलेलं असतं. आणि मधुमेहाच्या, फिटच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या “प्रार्थना केली आहे, आता बंद करा” असं कोणालाही, कधीही सांगू नका.

जिथे हमखास घसरण होते

- प्रार्थना विनंतीच्या नावाखाली चहाडी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर “अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा, ती पळून गेली आहे” असा संदेश जातो आणि अर्ध्या तासात तो परगावी पोहोचतो. नियम असा ठेवा: ज्याची गोष्ट आहे त्याच्या परवानगीनं आणि त्याच्या शब्दांत. परवानगी नसेल तर तुमच्या खोलीत प्रार्थना करा. देवाला ग्रुपची गरज नाही.
- पैसे. गटात उसनवारी नको. मदत करायची असेल तर परत न मागण्याच्या तयारीनं द्या किंवा मंडळीच्या मदत निधीतून द्या. गुंतवणूक योजना, चिटफंड, विमा विकणाऱ्याला या भेटीत जागा नाही.
- ताबा. “देवानं मला तुमच्याबद्दल दाखवलं आहे, हे स्थळ स्वीकारा” किंवा “ही नोकरी सोडा” असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. सर्व गोष्टी पारखून घ्यायला थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात सांगितलं आहे. पारखायला वेळ लागतो, आणि वेळ न देणाऱ्याचं ऐकू नये.
- एकतर्फी भेट. एक जण नेहमी कबुली देतो आणि दुसरा नेहमी उपदेश करतो, असं होऊ लागलं तर तो गट राहिलेला नाही.

कोणी पुन्हा घसरला तर

पुन्हा प्यायला, पुन्हा खोटं बोलला, पुन्हा जुन्या संबंधात गेला. पहिला फोन चोवीस तासांच्या आत करा आणि त्यात फक्त एवढंच सांगा: “मी आहे, बुधवारची भेट ठरल्याप्रमाणे.” चौकशी बुधवारी. दारूचा प्रश्न असेल तर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मराठी सभा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी भरतात. पहिल्या सभेला दारापर्यंत सोबत जा. घरच्यांना, विशेषतः पत्नीला वेगळा आधार द्या; तिच्यावर ‘सहन कर’ एवढंच लादू नका.

पौल आणि बर्णबा यांच्या प्रवासात सोबत असलेला योहान मार्क पंफुल्यातून काम अर्धवट टाकून परतला होता. त्याला पुन्हा सोबत घ्यावं की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतका तीव्र मतभेद झाला की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. आयुष्याच्या अखेरीस पौलच तीमथ्याला लिहितो, की मार्काला घेऊन ये, तो सेवेला उपयोगी आहे. मधली वर्षं कोणीतरी मार्काजवळ टिकून राहिलं होतं.

तुमचे हक्क

- प्रश्नाचं उत्तर न देण्याचा.
- कारण न सांगता गटातून बाहेर पडण्याचा.
- माझी गोष्ट कोणाला सांगितली, असं विचारण्याचा.
- दुसऱ्या पाळकाचं, डॉक्टरचं, वकिलाचं मत घेण्याचा.
- पगार, बँक खातं, मोबाइलचा पासवर्ड कोणाच्याही हाती न देण्याचा.

एक फरक ध्यानात ठेवा. कॅथलिक परंपरेत प्रायश्चित्त संस्कारात फादरांना सांगितलेलं ते कोणत्याही परिस्थितीत उघड करू शकत नाहीत. मित्रापाशी किंवा गटात बोललेल्याला असं संरक्षण नाही. तिथे माणसाच्या सचोटीवर भिस्त असते.

आता सगळ्यात अवघड भाग. क्षमा करणं आणि तक्रार न करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मंडळीची बदनामी होईल’ म्हणून कोणी तुम्हाला गप्प बसवत असेल तर ऐकू नका.

- लहान मुलांवर लैंगिक अत्याचार: २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार, असा गुन्हा घडल्याचं कळलेल्या किंवा घडण्याची भीती वाटणाऱ्या प्रत्येकानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गटाची गुप्तता इथे लागू होत नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.
- घरातली मारहाण आणि छळ: २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं स्त्रीला संरक्षण मागण्याचा आणि सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे; घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असलं तरीही. महिला हेल्पलाइन १८१. मार खाणाऱ्या बाईला ‘अधीन राहा’ असं वचन दाखवून परत पाठवू नका. आधी तिला सुरक्षित जागी न्या.
- जीव देण्याचे विचार: टेलिमानस १४४१६, मोफत आणि मराठीतही. तातडीचा धोका असेल तर ११२, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

दूर राहणाऱ्यांसाठी

पुण्यातून दुबईला, अहिल्यानगरहून बंगळुरूला गेलेल्यांना मराठी मंडळी रोज मिळत नाही. भेटीचा तास फोनवरही होतो. व्हिडिओ हवाच असं नाही. पुष्कळांना चेहरा न दिसता खरं बोलणं सोपं जातं. वेळ दोघांच्या घड्याळांनुसार लिहून ठेवा आणि खोलीत दुसरं कोणी असेल तर आधी सांगा. पण जिथे राहता तिथल्याही एका मंडळीत जा, भाषा वेगळी असली तरी. आजारी पडलात तर सूप घेऊन येणारा माणूस त्याच शहरात असायला हवा.

मुदत संपल्यावर

ठरलेल्या दिवशी प्रत्येकानं दोन गोष्टी सांगाव्यात: आपल्यात काय बदललं असं आपल्याला वाटतं आणि दुसऱ्यात काय बदललेलं दिसलं. दुसरी गोष्ट बहुधा अधिक विश्वासार्ह असते. घरच्यांनाही विचारा, तुमचा राग कमी झालाय की नाही हे तुमच्या मुलांना तुमच्याआधी कळलेलं असतं.

मग पुढे जायचं की थांबायचं ते ठरवा. थांबायचं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, ठरल्याप्रमाणे थांबा आणि ऐकलेलं पुढेही स्वतःपाशीच ठेवा. चालू ठेवायचं असेल तर नवी तारीख लिहा आणि आपल्यापैकी एकाला विचारून पाहा, की पुढच्या वेळी तो मंडळीत नव्यानं आलेल्या दोघांसोबत बसेल का. त्याची तयारी नसेल तर आणखी एक मुदत तिघंच भेटा.